राखीव प्रत, संगणकीय

संगणकातील फाइली किंवा डेटाबेस नष्ट झाल्यास अथवा बिघडल्यास त्यांची पुनःस्थापना करता यावी, या हेतूने मुळापासून वेगळ्या ठिकाणी जतन केलेल्या प्रतीस राखीव प्रत किंवा बॅकअप असे म्हणतात. ही प्रत ठराविक वेळी, माणसाने प्रत्येक वेळी आज्ञा न देता, आपोआप तयार होऊन इंटरनेटद्वारे दूरच्या साठवणकेंद्रात पोहोचत असेल, तर त्या व्यवस्थेस क्लाउडवरील स्वयंचलित बॅकअप म्हणतात.

आवश्यकता : माहिती नष्ट होण्याची कारणे मुख्यत्वे चार आहेत : यंत्रातील बिघाड, आग, पूर इ. आपत्ती, माणसाची चूक, आणि हेतुपुरस्सर केलेला उपद्रव. ज्या कारणाने मूळ माहिती जाते त्याच कारणाने जी प्रतही जाऊ शकते, तिला राखीव म्हणणे योग्य नाही. मुंबईतील मंत्रालयास २१ जून २०१२ रोजी आग लागून कागदी दस्तऐवजांची मोठी हानी झाली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली येथील आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. या पुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून नष्ट झाले. २०२१ मध्ये या भागास पुन्हा महापुराचा तडाखा बसला.

अंतराचा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा ठरतो. वाळवा तालुक्यातील आष्टा हे गाव कृष्णा व वारणा या नद्यांदरम्यानच्या पट्ट्यात, सांगलीपासून सुमारे २० किमी. अंतरावर आहे. अशा गावातील पतसंस्थेच्या संगणकात ठेवी व कर्जाचे हप्ते, तर दूध संस्थेच्या संगणकात प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचे माप, फॅट व देणे यांच्या नोंदी असतात. त्या गेल्यास कोणाचे किती येणे आहे हे सिद्ध करण्याचे साधनच उरत नाही. संस्थेने आपली प्रत सांगलीच्या शाखेत ठेवल्यास आगीपासून संरक्षण मिळते. मात्र एकाच पुराचा फटका दोन्ही ठिकाणांना बसू शकतो. म्हणून प्रत वेगळ्या भूप्रदेशात असावी लागते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २००६ मध्ये एस-३ ही साठवणसेवा सुरू केली व भारतातील आपली केंद्रे मुंबई (२०१६) आणि हैदराबाद (२०२२) येथे उभारली. अशा सेवांमुळे लहान संस्थेसही स्वतःची इमारत किंवा यंत्रे न उभारता दूरस्थ प्रत ठेवणे शक्य झाले.

कार्यपद्धती : साध्या फाइलींची प्रत जशीच्या तशी घेता येते. डेटाबेसच्या बाबतीत मात्र हे पुरेसे नसते. व्यवहार चालू असताना त्याच्या फाइली उचलल्यास एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीची अर्धवट स्थिती प्रतीत येण्याचा संभव असतो. म्हणून पोस्टग्रेस्क्यूएल, मायएसक्यूएल इ. डेटाबेस प्रणालींबरोबर येणाऱ्या साधनांनी एका क्षणाची सुसंगत प्रत काढतात. याखेरीज व्यवहारांची क्रमवार नोंदवही सतत दूरच्या केंद्रात पाठविल्यास बिघाडापूर्वीच्या इष्ट क्षणापर्यंत माहिती परत उभी करता येते.

प्रतीचे दोन प्रमुख प्रकार आहेत : संपूर्ण प्रत आणि मागील प्रतीनंतर झालेल्या बदलांपुरती वाढीव प्रत. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून १०० गिगाबाइटांची संपूर्ण प्रत पाठविण्यास सुमारे २२ तास लागतात. १ गिगाबाइटाच्या वाढीव प्रतीस सुमारे १३ मिनिटे पुरतात. यामुळे आठवड्यातून एकदा संपूर्ण व रोज रात्री वाढीव प्रत, अशी सांगड सामान्यतः घालतात. युनिक्स वंशातील संगणकांवर क्रॉन हा वेळापत्रक पाळणारा कार्यक्रम हे काम ठरल्या वेळी सुरू करतो. प्रत प्रथम संकोचित करतात, नंतर कूटबद्ध करतात आणि मगच पाठवितात. कूटबंध उलगडण्याची किल्ली त्याच संगणकावर ठेवल्यास संगणकाबरोबर किल्लीही जाते व सुरक्षित राहिलेली प्रत निरुपयोगी ठरते.

जुन्या प्रती किती काळ ठेवावयाच्या हेही ठरवावे लागते. रोजच्या ७, आठवड्याच्या ४ व महिन्याच्या १२ अशा २३ प्रती ठेवल्यास कालची चूक व काही महिन्यांनी उघडकीस आलेली चूक या दोन्हींसाठी मागे जाता येते. दोन संगणकांतील फाइली सतत एकसारख्या ठेवणारी समकालन सेवा ही बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. कारण एकीकडे खोडलेली फाइल दुसरीकडूनही खोडली जाते.

उपद्रवापासून संरक्षण : खंडणीसाठी माहिती कूटबद्ध करणारे घातक कार्यक्रम प्रथम राखीव प्रतींचाच शोध घेतात. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असा हल्ला झाला, तेव्हा रुग्णसेवेचे कामकाज काही काळ कागदावर चालवावे लागले. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून तेथील माहिती पुढे परत मिळविण्यात आली. यास्तव प्रत पाठविणाऱ्या संगणकास नवी प्रत लिहिण्याचा अधिकार द्यावा, जुनी प्रत खोडण्याचा देऊ नये. ठराविक मुदतीपर्यंत कोणासही बदलता वा खोडता येणार नाही, अशा कुलूपबंद स्वरूपात प्रत ठेवण्याची सोयही अनेक साठवणसेवांत उपलब्ध आहे.

मर्यादा : स्वयंचलनाने विस्मरणाचा दोष जातो, परंतु बंद पडलेली व्यवस्था कोणाच्या लक्षात येत नाही, हा नवा दोष उद्‌भवतो. गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याकडून ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य डेटाबेसच्या सुमारे ३०० गिगाबाइट फाइली चुकून खोडल्या गेल्या. दूरच्या साठवणीत रोज प्रत जात असेल, असे तेथील लोक समजत होते. प्रत्यक्षात ती जागा रिकामी निघाली. प्रत काढणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने ते काम रोज निष्फळ होत होते आणि तसे कळविणारी ई-पत्रेही पोहोचत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या दुसऱ्या एका प्रतीवरून बहुतेक माहिती वाचली. म्हणून अपयशाची सूचना मिळण्यावर विसंबून न राहता, यशाची सूचना ठरल्या वेळी आली नाही तर इशारा मिळावा, अशी योजना करतात.

क्लाउड या शब्दानेही सुरक्षिततेची हमी मिळत नाही. दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहितीकेंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. तेथे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवण्याची जी-ड्राइव्ह ही शासकीय क्लाउड सेवा होती. तिच्यातील ८५८ टेराबाइट माहितीची केंद्राबाहेर प्रत नसल्याने ती नष्ट झाली. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्यत्र, हा रूढ नियम म्हणूनच क्लाउडमधील माहितीलाही लागू होतो.

पुनःस्थापनेची चाचणी : प्रत उपयुक्त आहे की नाही, हे तिच्यापासून माहिती परत उभी केल्यावरच कळते. याकरिता वेगळ्या संगणकावर वेळोवेळी पुनःस्थापना करून नोंदींची संख्या व जमाखर्चाच्या बेरजा मूळ माहितीशी ताडून पाहतात. अशा चाचणीतून दोन गोष्टी ठरतात : अपघात घडल्यास किती वेळाच्या नोंदी गमवाव्या लागतील आणि कामकाज पुन्हा सुरू होण्यास किती वेळ लागेल. पतसंस्था किंवा नगरपरिषद यांसारख्या लोकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थांनी ही चाचणी पावसाळ्यापूर्वी घेणे श्रेयस्कर ठरते.