काजळीतील वैरी

लंडनमध्ये पूर्वी लहान लहान मुले धुराड्यांत शिरून काजळी झाडीत. पुढे मोठेपणी त्यांपैकी काहींना त्वचेचा कर्करोग जडे. त्याचे कारण काजळी, हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली दाखविले. काजळीतील बेंझोपायरीन हे द्रव्य मुळात फारसे उपद्रवी नाही. परंतु ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून मूत्रावाटे बाहेरही पडत नाही. तेव्हा पेशींतील विकरे नावाची द्रव्ये त्याला प्राणवायू जोडून ते विरघळेल असे करू पाहतात. दैवदुर्विलास असा, की या खटपटीतच मधल्या एका पायरीवर अतिशय चंचल असा विषारी पदार्थ जन्मास येतो! बहुधा दुसरी विकरे त्याला तत्काळ निष्प्रभ करतात. पण त्याचा एखादा रेणू निसटला, तर तो पेशीच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्याला जाऊन चिकटतो, आणि तिची वाढ बेबंद होण्याचा धोका उत्पन्न होतो.