काठमांडूतले एकशे साठ

गेल्या आठवड्यात आपण महाकाली नदीवरच्या नियोजित पंचेश्वर धरणापाशी थांबलो होतो, आणि भारत-नेपाळमधल्या महाकाली करारातलं पाणीवाटप या भागात घेईन असं मी लिहिलं होतं. ते पुढच्या खेपेला. मधल्या दिवसांत नाशिकरोडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवणं मला जमलं नाही.

काही वर्षांपूर्वी त्या पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करून आल्या. पोखराच्या एका दुकानात शाल घेताना त्यांनी आपली पाचशेची नोट पुढे केली, तर दुकानदाराने हात जोडले. शंभराच्या पाच नोटा दिल्या, त्या मात्र बिनबोभाट घेतल्या आणि हिशेब धरला आठशे नेपाळी रुपयांचा. काठमांडूला आल्यावरही तोच भाव, शंभराला एकशे साठ. बाई विचारतात, डॉलरचा भाव रोज वरखाली होतो, मग नेपाळात आपल्या रुपयाचा भाव जागचा हलत कसा नाही? आणि शंभराची नोट चालते, तर पाचशेच्या नोटेने काय घोडं मारलंय?

पत्र नाशिकरोडहून यावं याचा मला विशेष आनंद झाला. नेपाळने 1945 साली पहिल्यांदा कागदी नोटा काढल्या, त्या छापल्या होत्या नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. राजा त्रिभुवन, सत्ता राणांची, आणि छपाई गोदाकाठची! तोवर काठमांडूच्या खोऱ्यात चांदीची मोहर चाले, आणि खाली तराईत, रक्सौल-जोगबनीच्या पलीकडे, सर्रास आपला रुपया. दोन चलनं शेजारी शेजारी फिरत होती आणि त्यांची हुंडणावळ बाजार ठरवत होता. आज एक भाव, उद्या दुसरा. 1956 साली नेपाळ राष्ट्र बँक स्थापन झाली आणि हा गोंधळ आवरणं हे तिचं पहिलं मोठं काम ठरलं. 1960च्या एप्रिलमध्ये तिने भाव बांधून टाकला : भारताचे शंभर, नेपाळचे एकशे साठ. नेपाळी माणूस आजही आपल्या रुपयाला ‘आयसी’ किंवा ‘भारु’ म्हणतो आणि हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो.

पण एकशे साठ तेव्हापासून अखंड टिकले असं नाही. मधे जे घडलं तो भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो.

6 जून 1966 रोजी भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. आपल्याकडे त्यावर जे काहूर उठलं त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. सीमेपलीकडे काय झालं याबद्दल फारच थोडं. नेपाळने आपला रुपया डॉलरच्या तुलनेत होता तिथेच ठेवला. परिणामी शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठऐवजी जेमतेम एकशे एक नेपाळी रुपये येऊ लागले. दोन्ही रुपये जवळजवळ बरोबरीचे! काठमांडूला हे स्वाभिमानाचं वाटलं असेल, पण विराटनगरकडचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. जोगबनीच्या व्यापाऱ्याला त्याने शंभर भारतीय रुपयांचं धान घातलं, तर मेमध्ये घरी एकशे साठ येत होते, जुलैत एकशे एक. उलट भारतातून येणारं कापड, साखर, मीठ त्या मानाने स्वस्त. विकायचं ते पडलं आणि घ्यायचं ते वाढलं. दीड वर्ष नेपाळने हे सोसलं आणि डिसेंबर 1967 मध्ये स्वतःच्या रुपयाचंही अवमूल्यन केलं. तेव्हा भाव एकशे पस्तीसवर आला.

त्याच जून महिन्यात आखातातही धावपळ झाली. कतार, दुबई, ओमान या भागांत तेव्हा भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याची तस्करी रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 1959 साली तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने 1961मध्ये आणि बहरीनने 1965मध्ये आपापले दिनार काढून रुपया सोडला होताच. अवमूल्यनानंतर कतार आणि दुबईनेही तो टाकला. ओमानने मात्र 1970पर्यंत सांभाळला. ज्यांच्यापाशी तेल होतं त्यांनी आपली वाट धरली. नेपाळपाशी तेलही नव्हतं आणि समुद्रही नव्हता. त्याला रुपयाजवळच राहावं लागलं.

पुढे पंचवीसेक वर्षं भाव अनेकदा हलला. 12 फेब्रुवारी 1993 रोजी तो पुन्हा एकशे साठवर बांधला गेला, आणि बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. नेपाळी रुपया डॉलरसमोर रोज हलतो, पण आपल्या रुपयाचं बोट धरून. आपला घसरला की तोही तेवढाच घसरतो.

हे बोट धरून ठेवायला पैसे लागतात. नेपाळचा निम्म्याहून अधिक व्यापार भारताशी, आणि त्यात घेणं प्रचंड, विकणं थोडं. पेट्रोल-डिझेल इंडियन ऑईलकडून येतं. 2019पासून मोतिहारी ते अमलेखगंज 69 किलोमीटरची नळवाहिनीच आहे. त्याचं बिल भारतीय रुपयांत भरायचं. ते आणायचे कुठून? धनुषा जिल्ह्यातला मुलगा दोह्यात इमारतींवर राबतो आणि रियाल घरी पाठवतो. ते डॉलर होऊन राष्ट्र बँकेच्या गंगाजळीत येतात. त्यांतले काही डॉलर विकून राष्ट्र बँक भारतीय रुपये घेते, आणि त्यांतून डिझेल येतं. ज्या कतारने 1966 साली आपला रुपया सोडला, तिथल्या मजुरीवर नेपाळ आज आपला रुपया विकत घेतो.

बांधलेला भाव सोडावा, असं काठमांडूतले काही अर्थतज्ज्ञ अधूनमधून म्हणतात. व्याजदर ठरवताना राष्ट्र बँकेला मुंबईकडे बघत बसावं लागतं, ही त्यांची तक्रार खरी आहे. तरीही सीमा खुली आणि व्यापार असा एका बाजूला झुकलेला असताना भाव मोकळा सोडला, तर पहिला तडाखा तराईतल्या गरिबाला बसेल असं मला ठामपणे वाटतं. 1966ने ते एकदा दाखवलं आहे.

आता पाचशेची नोट. शंभरावरच्या भारतीय नोटा नेपाळात नेण्यावर फार काळ निर्बंध होते. बनावट नोटांची धास्ती हे एक मोठं कारण. 2015 साली पाचशे-हजाराच्या नोटा पंचवीस हजारांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. लोकांनी त्या विश्वासाने जवळ ठेवल्या. पुढच्याच वर्षी, 8 नोव्हेंबर 2016 रोजी, नोटाबंदी आली. आपल्याकडे निदान रांगेत उभं राहून नोटा बदलता आल्या. नेपाळातल्या साध्या माणसाला, दिल्लीत पहारेकरी म्हणून राबून आणलेली बचत गाडग्यात ठेवणाऱ्या म्हातारीला, तेही जमलं नाही. दोन्ही मध्यवर्ती बँकांची बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली. डिसेंबर 2018मध्ये नेपाळ सरकारने शंभरावरच्या भारतीय नोटांना आपल्या देशात मनाई केली. दुकानदाराने हात जोडले ते या सगळ्यामुळे. पुन्हा जायचं झालं तर निघण्याआधी त्या वेळचा नियम बँकेत विचारून घ्या.

आपल्या रुपयाचं बोट धरणाऱ्या भूतानचं प्रकरण थोडं वेगळं. त्याचं एन्गुल्ट्रम 1974पासून आपल्या रुपयाच्या बरोबरीने चालतं, आणि तिथे आपला रुपयाही अधिकृत चलन आहे. पण जलविद्युत विकून मिळणाऱ्या रुपयांपेक्षा खरेदी वाढली तेव्हा थिम्फूत रुपयांचा खडखडाट झाला. 2011च्या अखेरीस त्यांनी गंगाजळीतले वीस कोटी डॉलर विकून रुपयांतलं कर्ज फेडलं, आणि 2012मध्ये गाड्यांच्या आयातीला लगाम घातला.

पुन्हा नोटांकडे येतो. नेपाळात जुन्या नोटा किती उरल्या, यापेक्षा त्या बदलून देण्याची तयारी दिल्लीने दाखवली की नाही, हे तिथले लोक लक्षात ठेवतात. नेपाळातल्या सामान्य माणसाच्या हातात अडकलेल्या रकमेचा भार आपल्या रिझर्व्ह बँकेला जाणवलाही नसता. तो उचलायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. महाकालीच्या पाण्यावर बोलायला बसतानाही समोरच्याच्या मनात ही म्हातारी असतेच. ते पाणी पुढच्या आठवड्यात.