पीयूसीची नळी आणि धुराचा हिशेब

वाहनाचे प्रदूषण नियंत्रणात असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजेच पीयूसी, हे बहुतेक वाहनमालकांच्या दृष्टीने पेट्रोल पंपाच्या आवारात पाच-दहा मिनिटांत मिळणारे एक कागदपत्र असले, तरी त्यावर छापल्या जाणाऱ्या आकड्यांमागे एक नीट आखलेली मोजणी असते, आणि ती मोजणी खरी उतरण्यासाठी ज्या अटी पाळाव्या लागतात त्या समजून घेतल्याशिवाय या तपासणीचे बळ कळत नाही आणि तिची उणीवही कळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५ वा नियम हा या तपासणीचा आधार आहे. नव्या वाहनाला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष सूट असते. त्यानंतर भारत स्टेज ४ किंवा त्यापुढील उत्सर्जन मानकांच्या वाहनांना दर वर्षी आणि त्याआधीच्या वाहनांना दर सहा महिन्यांनी ही तपासणी करून घ्यावी लागते.

महाराष्ट्रात हे काम पेट्रोल पंपांलगतच्या छोट्या खोल्यांत आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये चालते. व्हॅनच्या मागच्या भागात संगणक, प्रिंटर, वाहनाच्या नंबर प्लेटचा फोटो घेणारा कॅमेरा आणि दोन यंत्रे असतात. पेट्रोल, सीएनजी व एलपीजीवर चालणाऱ्या वाहनांसाठी वायू विश्लेषक आणि डिझेल वाहनांसाठी धूरमापक. विश्लेषकातून निघालेल्या लांब रबरी नळीच्या टोकाला धातूची बारीक नळी जोडलेली असते, आणि सगळी तपासणी अखेर या नळीवर येऊन ठेपते.

वाहन येण्यापूर्वीच यंत्राचे काम सुरू झालेले असावे लागते. ते काही मिनिटे तापू द्यायचे, मग स्वच्छ हवा आत ओढून शून्य ठरवायचे, नळीचे टोक टोपीने बंद करून कुठे गळती नाही ना हे पाहायचे, आणि नळीच्या आतील भिंतींना आधीच्या वाहनाचे हायड्रोकार्बन चिकटून राहिलेले नाहीत याची खात्री करायची, असा हा क्रम आहे. यातली शेवटची पायरी वरकरणी किरकोळ वाटते, परंतु ऑइल जाळणाऱ्या एखाद्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरनंतर लगेच चांगली मोटार तपासली, तर स्कूटरचा दोष मोटारीच्या नावावर चढू शकतो. जळणाऱ्या पेट्रोलमधून पाण्याची वाफही निघते व ती थंड नळीत साचते; तिच्यासाठी बसवलेला छोटा पाणीसापळा आणि काजळी अडवणारा कागदी फिल्टर यांची निगा राखणे हा या कामाचा रोजचा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

विश्लेषकाच्या आत एका अरुंद कक्षातून अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतावाही किरण, सोडलेले असतात. प्रत्येक वायू या किरणांतील विशिष्ट तरंगलांबी शोषून घेतो. कार्बन डायऑक्साइड सुमारे ४.३ मायक्रोमीटरच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइड ४.६ ते ४.७ मायक्रोमीटरच्या आसपास, तर हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेल्या किंवा अर्धवट जळलेल्या इंधनाचे रेणू, ३.४ मायक्रोमीटरच्या आसपास. पलीकडच्या टोकाला त्या त्या तरंगलांबीचा प्रकाश किती कमी पोहोचला यावरून वायूचे प्रमाण काढले जाते. ऑक्सिजन अवरक्त किरण शोषत नसल्यामुळे त्याच्यासाठी बॅटरीसारखा रासायनिक घट वेगळा बसवलेला असतो, आणि तो काही काळाने निकामी होत असल्याने बदलावा लागतो. हायड्रोकार्बनचा आकडा हेक्झेन या हायड्रोकार्बनच्या हिशेबात, दहा लाख भागांत किती भाग, म्हणजे पीपीएममध्ये दाखवला जातो. यंत्र प्रमाणित करताना मात्र सिलिंडरमधला प्रोपेन वापरतात आणि एका ठरलेल्या गुणकाने त्याचे हेक्झेनमध्ये रूपांतर करतात.

तपासणीच्या वेळी इंजिन गरम झालेले असावे, चोक दिलेला नसावा, गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि नळी सायलेन्सरमध्ये किमान ३०० मिलिमीटर आत जावी, अशी कार्यपद्धती आहे; सायलेन्सरची रचना आडवी येत असेल तर त्याला जोडनळी लावावी लागते. इंजिन आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालत असताना आकडे स्थिर होण्याची वाट पाहायची आणि मगच ते नोंदवायचे. ३१ मार्च २००० नंतर उत्पादित झालेल्या जुन्या पिढीच्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के होती, तर भारत स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारीसाठी ती ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनसाठी २०० पीपीएम आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटणारा कार्बन मोनॉक्साइड हवा अपुरी पडली, म्हणजे मिश्रण ‘रिच’ झाले, की वाढतो. हायड्रोकार्बन वाढले तर बहुधा प्लग चुकत असतो, रिंगा झिजलेल्या असतात किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतात. जाणत्या मेकॅनिकला हे दोन आकडे इंजिन न उघडता बरेच काही सांगून जातात, आणि म्हणूनच ते केवळ पास-नापास ठरवण्यापुरते वापरले जाणे ही मोठी नासाडी आहे.

या तपासणीतील सर्वांत प्रामाणिक साक्षीदार मात्र ज्याच्यावर कसलीच मर्यादा घातलेली नाही असा वायू आहे. नीट चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १३ ते १५ टक्के असतो. नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवली, सायलेन्सरला भोक असले किंवा नळीचा सांधा सैल असला, तर बाहेरची हवा धुरात मिसळते, हा आकडा पाच-सहापर्यंत घसरतो, ऑक्सिजन वाढतो आणि त्याच प्रमाणात घातक वायूंचे आकडेही खाली येतात. म्हणजे अर्धवट घातलेली नळी प्रत्येक वाहनाला आहे त्यापेक्षा स्वच्छ ठरवते. अनेक भारतीय मोटरसायकलींत धुराच्या वाटेवर मुद्दाम बाहेरची हवा सोडण्याची सोय असते, ज्यामुळे उरलेले इंधन तिथेच जळावे. अशा गाडीत कार्बन डायऑक्साइड कमी दिसणे हा लबाडीचा पुरावा ठरत नाही. तरीही मोटारीच्या बाबतीत हा आकडा पडद्यावर असताना त्याच्याकडे दुर्लक्ष करून पावती छापणे, म्हणजे मोजमाप चुकल्याचे यंत्र सांगत असताना ते न ऐकणे होय.

भारत स्टेज ४ पासूनच्या पेट्रोल मोटारींसाठी दुसरी पायरी येते. इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर धरून कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान आहे का, हे पाहिले जाते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते; प्रत्यक्षात मिळालेली हवा आणि ही आदर्श हवा यांचे गुणोत्तर म्हणजे लॅम्डा. प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा लेप असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तीनही घातक वायूंवर एकाच वेळी काम करतो तो केवळ लॅम्डा एकाच्या अगदी जवळ असताना, आणि तोही पुरेसा तापल्यावर. कन्व्हर्टर निकामी आहे की नाही हे आयडलिंगपेक्षा या चाचणीत अधिक स्पष्ट होते. घाईत हीच पायरी गाळली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

डिझेलची तपासणी वेगळ्या तत्त्वावर चालते, कारण डिझेल इंजिनात हवा नेहमीच भरपूर असते आणि मुख्य दोष काजळीचा असतो. धूरमापकात प्रकाशाचा झोत धुरातून जातो आणि तो किती अडला हे मोजले जाते. ४३० मिलिमीटर लांबीच्या धुरात अडलेल्या प्रकाशाची टक्केवारी म्हणजे हार्टरिज एकक. त्यावरून दर मीटरमागचा प्रकाश शोषणांक काढतात. जुन्या वाहनांसाठीची ६५ हार्टरिज ही मर्यादा २.४५ इतक्या शोषणांकाशी आणि भारत स्टेज ४ साठीची ५० हार्टरिज ही १.६२ शी जुळते. इंजिन ऑइलचे तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत आलेले असावे, प्रथम एक-दोनदा रेस देऊन साचलेली काजळी उडवून द्यावी, आणि मग ॲक्सिलरेटरचे पेडल एका सेकंदाच्या आत पूर्ण दाबून इंजिन गव्हर्नरने रोखलेल्या सर्वोच्च वेगापर्यंत न्यावे; सलग नोंदी एकमेकींशी जुळू लागल्या की त्यांची सरासरी घ्यावी. चाकांवर भार नसल्यामुळे इंजिनाला फक्त स्वतःचे जड भाग फिरवण्याचे ओझे असते, आणि तेवढ्या क्षणभरात जो काळा धूर येतो तोच मोजला जातो. खरी अडचण इथेच येते. जुन्या ट्रकचा किंवा टेम्पोचा चालक पूर्ण पेडल दाबायला कचरतो, कारण टायमिंग बेल्ट तुटेल किंवा इंजिन बसेल अशी त्याला भीती असते, आणि ती सर्वस्वी निराधार नसते. पेडल अर्धे दाबले की धूर कमी येतो आणि आकडा सुसह्य होतो. इंजिनाचा वेग आणि ऑइलचे तापमान मोजणारे संवेदक जोडण्याची अट यासाठीच आहे, पण ते जोडायला वेळ लागतो.

वेळ म्हणजे पैसा, आणि या व्यवसायात पैसा थोडा आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार दुचाकीला ५० रुपये, पेट्रोल मोटारीला १२५ आणि डिझेल वाहनाला १५० रुपये आकारले जातात. त्यातून यंत्राची किंमत, ते वेळोवेळी प्रमाणित करण्याचा खर्च, फिल्टर, ऑक्सिजन घट, वीज आणि माणसाचा पगार निघायचा असतो. दुसरीकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये उत्सर्जनाच्या उल्लंघनासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंड जबर आणि मोजणी स्वस्त अशा या रचनेत वाहनमालकाला ओढ लागते ती प्रमाणपत्राची, तपासणीची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये वैध पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असा आदेश दिला, परंतु त्यामुळे विम्याविना धावणारी वाहने वाढून अपघातग्रस्तांच्या भरपाईचा प्रश्न उभा राहू लागला, आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढून टाकली. २०२१ मध्ये देशभर एकाच नमुन्यातले, क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र आले आणि नापास झालेल्या वाहनाला कारणासह नकारपत्र देण्याची सोय पहिल्यांदाच झाली. नंबर प्लेटचा फोटो केंद्रीय यंत्रणेत जात असल्याने गाडी न आणता प्रमाणपत्र मिळवणे अवघड झाले, हे खरेच. पण फोटो गाडीचा असतो. नळी किती आत गेली होती हे त्यात दिसत नाही.

महाराष्ट्राचा या व्यवस्थेशी संबंध तपासणी केंद्रांपुरता नाही. मुंबईतील धुराविरुद्ध ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ पासून दिलेल्या आदेशांमुळे शहरातील जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. देशाचे वाहन इंधन धोरण सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर होते, आणि तिच्या २००२ मधील अहवालाने इंधन व वाहने यांची मानके टप्प्याटप्प्याने एकत्र कडक करण्याचा मार्ग आखला. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ५ वगळून थेट स्टेज ६ आले तेव्हा इंधनातील गंधक ५० पीपीएमवरून १० वर उतरले होते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था नव्या प्रकारच्या वाहनांना मान्यता देण्यापूर्वी त्यांचे उत्सर्जन तपासते. तिथे गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगक्रमाने सुमारे २० मिनिटे, थंड इंजिनाने सुरुवात करून ताशी ९० किलोमीटर वेगापर्यंत चालवतात, धूर पिशव्यांत गोळा करतात आणि दर किलोमीटरमागे किती ग्रॅम वायू निघाला हे काढतात. एप्रिल २०२३ पासून याला प्रत्यक्ष रस्त्यावरील मोजमापाची जोड मिळाली आहे.

प्रयोगशाळेतील हिशेब आणि रस्त्याकडेच्या व्हॅनमधील हिशेब यांत पडणारी सर्वांत मोठी दरी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आहे. भारत स्टेज ६ च्या डिझेल मोटारीला हे वायू दर किलोमीटरला ०.०८ ग्रॅमच्या आत ठेवावे लागतात, पण पीयूसीत त्यांची नोंदच होत नाही. भाराशिवाय चालणाऱ्या इंजिनात ते फारसे निर्माणही होत नाहीत. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये रस्त्याच्या कडेने प्रकाशझोत सोडून धावत्या वाहनांचा धूर मोजला गेला तेव्हा सीएनजीवर चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांतूनही हे वायू प्रयोगशाळेतील मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक निघत असल्याचे आढळले.

दुसरी दरी सूक्ष्म कणांची. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाडीत काजळी पकडणारा गाळणीसारखा फिल्टर असतो. तो फुटला, किंवा दुरुस्तीचा खर्च वाचवण्यासाठी काढून टाकला, तरी नव्या इंजिनाचा धूर इतका विरळ असतो की प्रकाश अडण्यावर आधारलेल्या धूरमापकाला तो बहुधा दिसत नाही. हीच अडचण युरोपातही आली, आणि नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून, तर जर्मनीने जुलै २०२३ पासून, नियमित तपासणीत दर घनसेंटिमीटर धुरातील कण मोजणारी यंत्रे आणली. जर्मनीत ही मर्यादा अडीच लाख आणि नेदरलँड्समध्ये दहा लाख कणांची आहे. फिल्टर शाबूत असेल तर आकडा तिच्या पुष्कळच खाली राहतो आणि फुटला असेल तर अनेक पटींनी वर जातो. ही मोजणी इंजिन आयडलिंगवर ठेवून काही सेकंदांत होते. पेडल पूर्ण दाबायचे की अर्धे हा प्रश्न तिथे उद्भवत नाही, आणि इंजिन बसण्याची भीती बाळगणाऱ्या चालकाला तपासनिसाशी हुज्जत घालावी लागत नाही. नळी पुरेशी आत घालण्याची अट मात्र त्या यंत्रालाही आहे.