जिप्सीत मावेल तेवढीच बॅग

उन्हाळ्यात ताडोब्याला जाणारा नवखा फोटोग्राफर हमखास एकच प्रश्न विचारतो: सहाशेची लेन्स हवीच ना? मी उलट विचारतो, वाघ किती लांब असेल असं धरून चालला आहात? मे महिन्यात एकाच फेरीत तळ्याच्या पलीकडच्या काठाला पाण्यात बसलेला वाघ दिसतो आणि थोड्या वेळाने दुसरा रस्त्याने सरळ गाडीच्या दिशेने चालत येतो. ड्रायव्हर मंडळी याला ‘हेड-ऑन’ म्हणतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० एमएम लावली, तर पंधरा मीटरवर चौकटीत जेमतेम ९० सेंटिमीटर रुंदी मावते. म्हणजे तोंड आणि खांदे. शंभर एमएमवर तीच रुंदी साडेपाच मीटरच्या आसपास होते. मग वाघ येतो, रस्ता येतो, दोन्ही बाजूंचा वाळलेला बांबूही येतो.

म्हणून ताडोब्यासाठी माझं मत झूमला. कॅननची १००-५०० दीड किलोच्या आसपास बसते, सिग्माची १५०-६०० दोन किलोच्या जरा खाली, सोनीची २००-६०० जरा वर. ६०० एफ/४ ची फिक्स लेन्स तीन किलोंची आणि दहा लाखांच्या पुढची. पहाटेच्या मंद उजेडात तिला तोड नाही, हे खरं. पण हल्लीच्या कॅमेऱ्यांत आयएसओ ३२०० सहज चालतो आणि पुण्या-मुंबईत झूम भाड्याने मिळते. दीडपट क्रॉपची बॉडी असेल तर ४०० एमएमसुद्धा ६०० इतकं जवळ आणते.

पैसा ओतूनही सुटत नाही ती गोष्ट म्हणजे ऊन. चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो. उन्हं चढली की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि लांबच्या वाघाचे पट्टे फोटोत विरघळल्यासारखे येतात. लोक फोकसला दोष देतात, लेन्स दुरुस्तीला टाकतात. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी ही थरथर मोठी होऊन दिसते. अशा वेळी वाघ जवळ येण्याची वाट पाहावी, नाहीतर कॅमेरा मांडीवर ठेवून वाघ नुसता बघावा.

ट्रायपॉड घरीच ठेवा. गाडीतून उतरायची परवानगी नाही आणि उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, गाइड, ड्रायव्हर असे दाटीवाटीने बसल्यावर तीन पाय टेकवणार कुठे? कामाला येते ती बीनबॅग. घरून ती रिकामीच न्यावी आणि चंद्रपुरात किराणा दुकानातून दोन-तीन किलो जाडा तांदूळ घेऊन भरावी. थर्माकोलचे गोळे हलके खरे, पण जड लेन्सखाली डुगडुगतात. तांदूळ दबतो आणि तिथेच राहतो. जिप्सीच्या दांडीवर बीनबॅग आडवी टाकायची, मधोमध तळहाताने खळगा करायचा आणि त्यात लेन्स बसवायची. तरीही इंजिन चालू असेल तर थरथर लेन्सपर्यंत पोचतेच. ‘भाऊ, गाडी बंद करा ना’ असं म्हणायला संकोचू नये. बहुतेक वेळा ड्रायव्हरनं आधीच किल्ली फिरवलेली असते आणि तोच दटावतो, ‘चितळ कॉल देऊन राह्यलं, हलू नका जी.’

दुसरी बॉडी चैन वाटते, पण पुढच्या गाडीनं उडवलेल्या धुळीत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर माती पेरणं. शिवाय ताडोब्यात सफारीला मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे जंगलाचा रुंद फोटो मोबाइलवर काढू, हा बेतही बाद. जुनी, साधी का असेना, एक बॉडी आणि तिच्यावर २४-७० सारखी लेन्स एवढं पुरतं. दोन्ही कॅमेरे उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळावेत. महागड्या कव्हरपेक्षा तो पटकन निघतो. पुढे-मागे सरकणारी झूम बाहेरची हवा आत ओढते, तेव्हा धूळ उडत असताना ती उगाच फिरवत बसू नये.

मुक्कामाला परतल्यावर बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, कार्डं दोन जागी उतरवायची. मग एफ/१६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आभाळाचा एक फोटो घ्यायचा. सेन्सरवरचा कण त्यात काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअरनं हवा मारायची. तोंडानं फुंकर मात्र नाही. थुंकीचा बारीक थेंब धुळीपेक्षा चिवट असतो आणि तो काढणारा माणूस ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्लीत भेटत नाही.