साबणाच्या वडीवरची पांढरी भुकटी

घरी साबण करून विकणाऱ्या कारागीर बांधवांची नेहमीची तक्रार अशी की, वडी साच्यातून काढल्यावर तिच्यावर पांढरी भुकटी दिसते. गिऱ्हाईक नाक मुरडते आणि दुकानदार भाव पाडून मागतो. आमचे म्हणणे असे की, ही वडी फेकू नये आणि नुसती खरवडून विकायलाही काढू नये. आधी दोष वरचा आहे की आतला, ते पाहावे.

बहुतेक वेळा ही भुकटी म्हणजे धुण्याचा सोडा असतो. तेलाशी अद्याप न मिसळलेल्या कॉस्टिक सोड्याला हवेतील कार्बन डायऑक्साइड लागला की तो तयार होतो. थर वरवरचा असतो, ओल्या फडक्याने पुसला जातो. पुढच्या वेळी मिश्रण चांगले दाट होईपर्यंत घोटावे, पाणी थोडे कमी घ्यावे आणि साचा भरताच झाकून ठेवावा.

आतला दोष मात्र गंभीर. घाण्यातली एक वडी मधोमध कापावी. आत पांढरे कडक खडे किंवा पाणी साचलेले पोकळ ठिपके दिसले तर तो कच्चा कॉस्टिक असू शकतो. असा माल अंगाला लावण्यासाठी विकू नये. एका घरात कातडी जळजळली की ती गोष्ट साऱ्या मोहल्ल्यात पोहोचते. लिटमस कागदाने याचा उलगडा होत नाही, कारण चांगला साबणही क्षारधर्मी असतो आणि कागद निळाच होतो. जिभेला लावून पाहण्याची जुनी रीत आम्ही सुचवत नाही.

या दोषाचे मूळ बहुधा अंदाजाच्या मापात असते. पेल्याने नव्हे, काट्यावर तोलावे. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे 183 ग्रॅम कॉस्टिक लागते. पाच टक्के कमी म्हणजे 174 ग्रॅम घेतले तर थोडे तेल शिल्लक राहते आणि साबण सौम्य होतो. तेल बदलले की हे माप बदलते. कॉस्टिक पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच तेलात ओतावे. ॲल्युमिनियमचे भांडे मात्र नको, कॉस्टिक ते खाऊन टाकते.

पावसाळ्यात वडीवर दव येते, ते ग्लिसरीनने ओढलेले पाणी असते. पुसून हवेशीर जागी ठेवले की भागते. नारिंगी ठिपके आणि खवट वास आला तर तेल बिघडले आहे. ती वडी बाजारात नेऊ नये; घरची लादी धुवायला ठेवावी.