एका दिवसात आग्रा : काय पाहाल, काय सोडाल?

दिल्लीहून एकदिवसीय सहल ठरवताय? आधी वार पाहा. शुक्रवारी ताजमहाल पर्यटकांसाठी बंद असतो.

सकाळी ताजमहाल : सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दरवाजे उघडतात. मुख्य मकबऱ्यात जाण्यासाठी वेगळे तिकीट लागते.

मग आग्रा किल्ला : शहाजहान १६५८ पासून इथेच कैदेत होता. जानेवारी १६६६ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज याच किल्ल्यात औरंगजेबाच्या दरबारात आले.

दुपारी इतमाद-उद-दौला : नूरजहाँने वडिलांसाठी उभारलेला हा संगमरवरी मकबरा ताजच्या आधीचा.

फतेहपूर सिक्री सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तीही त्याच दिवशी धरली, तर किल्ला घाईत उरकावा लागतो. त्यापेक्षा ती पुढच्या खेपेला ठेवा.

गाइडचे ओळखपत्र पाहा, पैसे आधीच ठरवा.