इंजिन आधी तापवले की पेट्रोल वाचते का?

विनिपेग किंवा रेजायनासारख्या कॅनडाच्या शहरांत हिवाळ्यात उभ्या मोटारींच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबताना दिसते. ती असते इंजिनातले कूलंट तापवणाऱ्या, साधारण ४०० ते १००० वॅटच्या हीटरची. गाडी थंडीत सुरू व्हावी एवढाच त्याचा उपयोग, असे अनेकांना वाटते. पण गाडी सुरू झाल्यावरही गारठा इंधन खातच असतो. उणे २० अंशांत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून इंजिनात जादा पेट्रोल सोडावे लागते. ऑइल घट्ट झाल्याने घर्षण वाढते. धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. तोवर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन बाहेर पडत राहतात. हीटर कन्व्हर्टरला थेट तापवत नाही, पण जादा पेट्रोल सोडण्याचा काळ कमी करतो. अलास्कातल्या फेअरबँक्सने हिवाळ्यातला कार्बन मोनॉक्साइड आटोक्यात आणण्यासाठी गाड्या प्लगला लावण्यावर भर दिला, तो यामुळेच.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा आहे: जितका जास्त वेळ तापवू तितकी बचत जास्त. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मते उणे २० अंशांत हीटरमुळे इंधनाची कार्यक्षमता १० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा. फायदा पहिल्या काही किलोमीटरांचा असतो. लांबच्या प्रवासात इंजिन आपोआप तापते आणि टक्केवारी नगण्य होते. शिवाय दोनेक तासांनंतर इंजिन फारसे आणखी तापत नाही, दिलेली उष्णता हवेत जात राहते. म्हणून तोच विभाग टायमर लावून निघण्याआधी दोन तास हीटर चालू करायला सांगतो.

यावर रास्त आक्षेप असा, की वीजही कुठेतरी इंधन जाळूनच येते. हिशेब करून पाहू. ५०० वॅटचा हीटर दोन तास चालला की एक युनिट खर्च होते. ते कोळशावर तयार झाले असेल, तर सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. लिटरभर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो निघतो, म्हणजे बरोबरी साधायला जवळपास ०.४ लिटर पेट्रोल वाचायला हवे. दहा किलोमीटरच्या फेरीला मुळात पेट्रोल लागते लिटरभराच्या आसपास, त्यातले एवढे वाचणे कठीण. विनिपेगची वीज जवळजवळ सगळी जलविद्युत, त्यामुळे तिथे थोडी बचतही निव्वळ फायद्याची. रेजायनाच्या विजेत कोळसा आणि नैसर्गिक वायूचा वाटा मोठा, त्यामुळे तिथे कार्बनचा फायदा आक्रसतो आणि रात्रभर हीटर चालवणे तर तोट्याचेच. तरीही रस्त्यावरच्या माणसाच्या नाकाशी येणारा विषारी धूर रेजायनातही कमी होतो. म्हणून इंधन आणि धूर वाचतो हे खरे, पण कडाक्याची थंडी, छोटी फेरी आणि टायमर यांची सांगड असेल तेव्हाच. कार्बन किती वाचला, हे मात्र त्या शहराची वीज ठरवते.